पेटंटचं स्पेसिफिकेशन लिहायला बसताना

पेटंटच्या अर्जात फॉर्म बरेच असतात. अर्जदार कोण, शोधक कोण, दुसऱ्या देशात अर्ज केलाय का, ही माहिती त्यांत जाते आणि ती भरायला फारसा वेळ लागत नाही. शोध टिकतो की पडतो हे ठरतं फॉर्म 2 वर. त्यालाच स्पेसिफिकेशन म्हणतात. शोध नेमका काय आहे, तो प्रत्यक्षात कसा करायचा आणि त्यातला किती भाग तुमच्या हक्काचा, हे सगळं त्या एकाच कागदपत्रात असतं. हा लेख त्याबद्दल आहे. पहिल्यांदाच लिहायला बसलेल्या इंजिनिअरसाठी, शेतकऱ्यासाठी, कॉलेजात प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी, आणि उदाहरणं भारतीय कायद्यातली.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कम्प्लीट, म्हणजे पूर्ण स्पेसिफिकेशन ज्या दिवशी दाखल होतं, त्या दिवशी जे त्यात नाही ते नंतर आत घालता येत नाही. पेटंट कायदा, 1970 च्या कलम 59 नुसार दुरुस्ती करता येते ती काही सोडून देण्यासाठी, चूक सुधारण्यासाठी किंवा खुलासा करण्यासाठी. मुळात न सांगितलेली बाब त्या वाटेनं येऊ शकत नाही, आणि दुरुस्त केलेला क्लेम (आपल्या हक्काची हद्द सांगणारं वाक्य) आधीच्या क्लेमच्या बाहेर जाऊ शकत नाही. म्हणून लिहिण्याची सगळी मेहनत दाखल करण्याच्या आधीची.

आधी शोधा, आणि तोवर कुठे दाखवू नका

आपण एक कल्पित उदाहरण घेऊन चालू. समजा, निफाडच्या एका शेतकरी कुटुंबातल्या इंजिनिअर मुलीनं कांदाचाळीसाठी यंत्रणा बनवली. चाळीत कांदा सडायला लागतो तो बहुधा थराच्या पोटातून, जिथे वारा पोचत नाही. तिनं थरात भोकांच्या उभ्या नळ्या रोवल्या, प्रत्येक नळीत आर्द्रता मोजणारा सेन्सर बसवला आणि सगळ्या नळ्या एका पंख्याला जोडल्या. ज्या नळीभोवती ओल जास्त, तिचीच झडप उघडते आणि पंख्याची सगळी ओढ तिथे लागते.

लिहायला बसण्याआधी तिनं हे कृषी प्रदर्शनात मांडू नये, यूट्यूबवर टाकू नये, शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोही पाठवू नये. कलम 31 मध्ये 12 महिन्यांची सवलत आहे, पण ती सरकारनं राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासारख्या मोजक्या प्रसंगांपुरती. गावच्या मेळाव्याला ती लागू होईल असं धरून चालू नका.

मग असं काही आधीच झालंय का, ते शोधायचं. भारतीय पेटंट कार्यालयाचा इनपास हा डेटाबेस फुकट आहे. गूगल पेटंट्स, युरोपियन कार्यालयाचं एस्पेसनेट आणि वायपोचं (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं) पेटंटस्कोपही फुकटच. फक्त ‘कांदा’ शोधून थांबू नका. धान्याच्या कोठारांत हवा खेळवणारी यंत्रणा, बटाट्याची गोदामं, गवताच्या गंजी, सगळं बघा. आपल्या मुलीला तिथे एक गोष्ट दिसेल: बाहेरची हवा कोरडी असतानाच पंखा चालवायचा, ही कल्पना धान्याच्या सायलोंमध्ये जुनी आहे. म्हणजे ‘आर्द्रता बघून पंखा’ एवढ्यावर तिला पेटंट मागता येणार नाही. पण एकाच पंख्याची ओढ फक्त ओल्या जागेवर वळवणाऱ्या स्वतंत्र झडपा तिला कुठे सापडल्या नाहीत, असं धरू. शोधाचा गाभा तिथे आहे, आणि तो तिला शोध घेतल्यावरच कळला. मला विचाराल तर या टप्प्याला दिलेला वेळ कधी वाया जात नाही.

छापील आणि जुनं ज्ञानही यात मोजलं जातं. जखमेवर हळद लावण्याबद्दल अमेरिकेत 1995 मध्ये दिलेलं पेटंट 1997 मध्ये रद्द झालं, ते डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरनं (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं) जुने लेखी पुरावे पुढे ठेवले म्हणून. आपल्याकडे तर पारंपरिक ज्ञानाला कलम 3(p) नुसार पेटंटच मिळत नाही.

कलम 3 पूर्ण वाचा. तासाभराचं काम आहे. आपल्या उदाहरणाला त्यातली दोन पोटकलमं अडवू शकतात. 3(h) नुसार शेती किंवा बागायतीच्या पद्धतीला पेटंट नाही, म्हणून ‘कांदा साठवण्याची पद्धत’ असं मागण्यापेक्षा ‘यंत्रणा’ मागणं सुरक्षित. आणि 3(f) नुसार माहीत असलेली साधनं नुसती शेजारी मांडली आणि प्रत्येक आपापलं काम स्वतंत्रपणे करत असेल, तर तो शोध नाही. नळी, सेन्सर, पंखा, झडप यांतलं काहीच नवीन नाही. म्हणून ते एकमेकांवर कसे अवलंबून आहेत, आणि त्यातून एकट्याच्यानं न होणारं काय घडतं, हे स्पेसिफिकेशनमध्ये स्पष्ट यायला हवं. सॉफ्टवेअरवाल्यांनी 3(k) आणि औषधवाल्यांनी 3(d) असंच बारकाईनं बघावं.

क्लेम आधी लिहा

कागदपत्रात क्लेम शेवटी येतात, पण लिहायचे ते आधी. वर्णन आधी लिहिलं की माणूस आपल्या यंत्राच्या प्रेमात वाहत जातो, आणि क्लेम म्हणजे त्या यंत्राचं नटबोल्टसकट वर्णन होऊन बसतं.

जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात तशी शोधाची चतुःसीमा म्हणजे क्लेम. वर्णनात तुम्ही कितीही थोर गोष्ट सांगितली, तरी क्लेममध्ये नसेल तर दुसऱ्यानं ती केल्यावर तुम्ही अडवू शकत नाही.

प्रत्येक क्लेम एकाच वाक्यात लिहायचा असतो, कितीही लांब होवो. पहिला कच्चा खर्डा असा असेल:

“साठवलेल्या कांद्याच्या थरात हवा खेळवण्याची यंत्रणा, जिच्यात समाविष्ट आहेत: थरात उभ्या रोवलेल्या, 110 मिमी व्यासाच्या, भोकं पाडलेल्या चार पीव्हीसी नळ्या, प्रत्येक नळीतला आर्द्रता सेन्सर, प्रत्येक नळीच्या वरच्या टोकाला झडप, सर्व नळ्यांना जोडलेला, हवा बाहेर ओढणारा पंखा, आणि एक नियंत्रक, जो ज्या नळीतली आर्द्रता बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असेल तिचीच झडप उघडतो.”

आता हा खर्डा प्रतिस्पर्ध्याच्या नजरेनं वाचा. 110 ऐवजी 90 मिमीची नळी घेतली की मी सुटलो. पीव्हीसीऐवजी बांबू वापरला की सुटलो. नळ्या चारऐवजी सहा, सुटलो. कांद्याऐवजी लसूण, सुटलो. पंखा ओढण्याऐवजी फुंकणारा लावला, तरी सुटलो. क्लेममधला प्रत्येक अनावश्यक शब्द तुमची हद्द आत ढकलतो. व्यास, पीव्हीसी, चार हे तपशील पहिल्या क्लेममधून काढा. ‘किमान दोन नळ्या’ म्हणा, ‘कंदवर्गीय शेतमाल’ म्हणा, ‘हवेचा प्रवाह निर्माण करणारं साधन’ म्हणा.

त्यात एक उणीवही आहे. नियंत्रक बाहेरच्या हवेशी तुलना करतो, पण बाहेरची आर्द्रता मोजणारा भाग यादीत कुठेच नाही. क्लेममध्ये जो भाग काम करतो तो आधी नावानं यायला हवा. शिवाय ‘जास्त’ म्हणजे किती, ‘आर्द्रता’ म्हणजे सापेक्ष की निरपेक्ष? पावसाळ्यात बाहेरची गार हवा सापेक्ष आर्द्रतेनं जास्त ओली दिसते, पण तिच्यात पाण्याची वाफ प्रत्यक्षात कमी असू शकते. हा फरक तांत्रिकदृष्ट्या शोधाच्या मुळाशी आहे, म्हणून तो लिहायलाच हवा. दुरुस्त खर्डा:

“साठवलेल्या कंदवर्गीय शेतमालाच्या थरात हवा खेळवण्याची यंत्रणा, जिच्यात समाविष्ट आहेत: थरात रोवलेल्या, भोकं असलेल्या किमान दोन नळ्या, प्रत्येक नळीतल्या हवेची निरपेक्ष आर्द्रता ठरवणारं पहिलं संवेदन साधन, थराबाहेरच्या हवेची निरपेक्ष आर्द्रता ठरवणारं दुसरं संवेदन साधन, प्रत्येक नळीवरची, स्वतंत्रपणे उघडझाप होणारी झडप, उक्त झडपांमार्फत सर्व नळ्यांना जोडलेलं, हवेचा प्रवाह निर्माण करणारं एक समाईक साधन, आणि एक नियंत्रक, वेगळेपण असे की, ज्या नळीतली निरपेक्ष आर्द्रता बाहेरच्या हवेपेक्षा पूर्वनिश्चित फरकाने जास्त असते, उक्त नियंत्रक केवळ त्याच नळीची झडप उघडतो व उरलेल्या बंद ठेवतो, जेणेकरून उक्त साधनाचा प्रवाह त्या नळीभोवतीच्या शेतमालापुरता केंद्रित होतो.”

‘वेगळेपण असे की’ याच्या आधी जुनं, नंतर नवं, ही रचना आपल्याकडच्या एक्झामिनरला, म्हणजे पेटंट कार्यालयात अर्ज तपासणाऱ्याला, ओळखीची आहे. अर्ज इंग्रजीत करताना ‘समाविष्ट आहेत’ यासाठी ‘कम्प्रायझिंग’ लिहा, म्हणजे कोणी आणखी भाग जोडून पळवाट काढू शकत नाही. ‘कन्सिस्टिंग ऑफ’ लिहिलंत तर यादी तिथेच बंद होते. ‘उक्त’ चा वापरही काटेकोर हवा: भाग पहिल्यांदा येतो तेव्हा नुसतं नाव, पुन्हा आला की ‘उक्त’. मराठीत इंग्रजीसारखे ‘अ’ आणि ‘द’ नसल्यामुळे मराठीत विचार करून इंग्रजीत उतरवताना इथे हमखास गफलत होते.

पहिल्या क्लेममधून काढलेले तपशील फेकून द्यायचे नाहीत. ते पुढच्या, अवलंबून असलेल्या क्लेममध्ये पायरीपायरीनं येतात: “क्लेम 1 मधील यंत्रणा, जिच्यात उक्त शेतमाल कांदा आहे”, “क्लेम 1 मधील यंत्रणा, जिच्यात नळीचा व्यास 75 ते 160 मिमी आहे”. तपासणीत कोणी जुनं पेटंट दाखवून क्लेम 1 पाडला, तर याच पायऱ्यांवर तुम्हाला मागे येऊन उभं राहता येतं.

शब्द किती महाग पडतात याचं पुण्याशी जोडलेलं उदाहरण बजाज ऑटोच्या दोन स्पार्क प्लगच्या इंजिनाचं आहे. टीव्हीएसच्या इंजिनातही प्लग दोन होते, पण व्हॉल्व्ह तीन होते. दोन प्लग हा शोध, की ठरावीक संख्येच्या व्हॉल्व्हसह दोन प्लग हा शोध? मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी 2008 मध्ये बजाजच्या बाजूनं मनाई हुकूम दिला, 2009 मध्ये खंडपीठानं तो उठवला आणि त्याच वर्षी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. लिहिणाऱ्यानं त्यातून घ्यायचं ते हे की, क्लेममधली प्रत्येक संख्या लिहिताना ‘ही बदलली तर माझा शोध उरतो का?’ असं विचारायचं. उरत असेल, तर ती संख्या पहिल्या क्लेममध्ये नको.

वर्णन: हातचं राखू नका

कलम 10 दोन गोष्टी मागतं. शोध आणि तो अमलात आणायची रीत पूर्णपणे आणि तपशिलात सांगा, आणि तुम्हाला माहीत असलेली सर्वांत चांगली रीत उघड करा. हा सौदा आहे. दाखल केल्यापासून 20 वर्षं इतरांना अडवण्याचा हक्क तुम्हाला मिळतो, आणि त्या बदल्यात लोकांना ते ज्ञान मिळतं. ‘खरी युक्ती आपल्याकडेच ठेवू’ असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो ऐकू नका. अपुरं वर्णन हे कलम 64 नुसार पेटंट रद्द होण्याचं कारण आहे, आणि जे राखून ठेवाल त्यावर क्लेमही मागता येणार नाही.

क्रम साधारण ठरलेला आहे. शीर्षक, शोधाचं क्षेत्र, आधीचं ज्ञान आणि त्यातली अडचण, शोधाचा उद्देश, थोडक्यात मांडणी, आकृत्यांची ओळख, तपशीलवार वर्णन, क्लेम, ॲब्स्ट्रॅक्ट (सारांश). शीर्षक साधारण 15 शब्दांच्या आत, आणि त्यात ब्रँडचं नाव किंवा ‘क्रांतिकारी’ असले शब्द नकोत.

आधीच्या ज्ञानाबद्दल लिहिताना सापडलेली पेटंटं नीट सांगा, पण त्यांची निंदा करू नका आणि स्वतःच्या विरुद्ध कबुली देऊ नका. “स्वतंत्र झडपा लावणं कोणालाही सुचलं असतं” असं एक वाक्य तिथे गेलं, तर ते एक्झामिनर तुमच्यासमोरच ठेवेल. उलट अडचण तांत्रिक भाषेत लिहा: सायलोतली यंत्रणा पूर्ण साठ्यात एकसारखी हवा सोडते, त्यामुळे ओल्या जागेला पुरेसा प्रवाह मिळत नाही आणि कोरड्या जागेतला माल उगाच वजन गमावतो. उत्तरादाखल शोध काय करतो, ते लगेच पुढे. कलम 2(1)(ja) मध्ये इन्व्हेंटिव्ह स्टेपची जी व्याख्या आहे, ती तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व मागते, आणि त्या विषयातल्या जाणकाराला ती उघड दिसणारी नसावी असंही म्हणते. हे दाखवायची जागा हीच.

जुना धडा बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यातला. लेथवर भांडी धरून ठेवण्याच्या साधनाचं ते पेटंट होतं. डिसेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते टिकू दिलं नाही, कारण वर्कशॉपमधली किरकोळ सुधारणा म्हणजे शोध नव्हे. आजही ‘आमच्या कारखान्यात हे जरा बरं चालतं’ एवढ्यावर लिहिलेली स्पेसिफिकेशनं याच निकालाला जाऊन थडकतात.

तपशीलवार वर्णनात प्रत्येक भागाला आकडा द्या आणि तो शेवटपर्यंत बदलू नका: नळी 10, झडप 12, नियंत्रक 20. एकाच भागाला एकदा ‘झडप’, एकदा ‘शटर’, एकदा ‘पडदा’ असं म्हणू नका. शाळेतल्या निबंधात शब्दांची पुनरुक्ती टाळायला शिकवतात, इथे ती करायलाच हवी. प्रत्येक भागाचे पर्याय सांगा: नळी पीव्हीसीची, एचडीपीईची किंवा बांबूची, व्यास 75 ते 160 मिमी, शक्यतो 110. क्लेममधल्या प्रत्येक व्यापक शब्दाला वर्णनात निदान दोन पर्यायांचा आधार हवा, नाहीतर ‘हवेचा प्रवाह निर्माण करणारं साधन’ हे फार व्यापक आहे असा आक्षेप येणारच.

आणि आकडे द्या. चाळीत काय प्रयोग केला, किती दिवस, यंत्रणा बसवलेल्या चाळीत आणि साध्या चाळीत किती कांदा सडला, वजनात घट किती. खऱ्या मोजमापांचा छोटा तक्ता पानभर विशेषणांपेक्षा जास्त कामाचा असतो. प्रयोग झालेला नसेल तर आकडे बनवू नका, फक्त रचना आणि अपेक्षित कार्य लिहा. शोधात वनस्पती, जिवाणू असं जैविक साहित्य असेल तर ते कुठून आणलं हे सांगणं बंधनकारक आहे, आणि भारतातलं असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी किंवा त्याची मान्यताही लागते.

आकृत्या ए4 कागदावर, वर आणि डावीकडे 4 सेंमी, खाली आणि उजवीकडे 3 सेंमी समास सोडून. काळ्या रेषा, भागांचे आकडे, बस. आकृतीत वर्णनाची वाक्यं लिहायची नसतात, फ्लो डायग्राम तेवढा अपवाद. ॲब्स्ट्रॅक्ट 150 शब्दांच्या आत. ते शेवटी लिहा.

प्रोव्हिजनल कधी

कल्पना पक्की आहे पण प्रयोग चालू आहेत, तर प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरतं स्पेसिफिकेशन दाखल करा. त्याला क्लेम लागत नाहीत, तारीख हातात येते. कम्प्लीट मात्र 12 महिन्यांत द्यावंच लागतं, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. अर्ध्या पानाचं प्रोव्हिजनल टाकून लोक निश्चिंत होतात, हे मला फार काळजीचं वाटतं. त्यात जे नाही त्याला ती तारीख मिळत नाही. झडपांची गोष्ट प्रोव्हिजनलमध्ये नसेल आणि मधल्या काळात दुसऱ्या कोणी ती छापली, तर तिच्यापुरती तुमची तारीख कम्प्लीटच्या दिवसाची. प्रोव्हिजनल लिहितानाही वर्णन शक्य तितकं पूर्णच लिहा.

दाखल करताना

भाषा हिंदी किंवा इंग्रजी. मराठीत दाखल करता येत नाही. तरी पहिला खर्डा मराठीत लिहा असंच मी सांगेन, कारण ज्या भाषेत शोध सुचला तिच्यातच त्याचे बारकावे नीट निघतात.

महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबई कार्यालयाच्या हद्दीत येतात. दाखल करणं ऑनलाइन होतं. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्थांना शुल्क 1,600 रुपये, इतरांना 8,000. त्यात 30 पानं आणि 10 क्लेम बसतात. पुढच्या प्रत्येक पानाला सवलतीच्या गटात 160 आणि प्रत्येक क्लेमला 320 रुपये. म्हणून पंधरा सैल क्लेमपेक्षा दहा घट्ट क्लेम बरे, पण पैसे वाचवण्यासाठी वर्णन कापू नका.

पेटंट एजंट घ्यावा का? परवडत असेल तर क्लेम तरी नोंदणीकृत एजंटकडून तपासून घ्या. मान्यताप्राप्त स्टार्टअपसाठी सरकारची योजना आहे, तिच्यात फॅसिलिटेटरची (अर्जाला मदत करणाऱ्या जाणकाराची) फी सरकार देतं. नागपूरला राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, तिथे प्रशिक्षण मिळतं. एजंटकडे जाताना वर सांगितलेला मराठी खर्डा, प्रयोगाच्या वह्या आणि शोधात सापडलेली जवळची पेटंटं बरोबर न्या. त्यावरून तो काम किती चांगलं करेल हे बरंच ठरतं.

दाखल झालं की अर्ज साधारण 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो, पण तपासणी आपोआप होत नाही. ती फॉर्म 18 नं मागावी लागते, आणि 2024 च्या नियमांनंतर मुदत 48 वरून 31 महिन्यांवर आली आहे. पहिला तपासणी अहवाल आला की उत्तराला 6 महिने, अर्ज केल्यास आणखी 3. परदेशातही पेटंट हवं असेल, तर भारतात अर्ज केल्यावर सहा आठवडे थांबून, गुप्ततेचा आदेश नसेल तर पुढे जाता येतं. त्याआधी जायचं तर कलम 39 खाली परवानगी घ्यावी लागते. परदेशी अर्जासाठी भारतातल्या पहिल्या तारखेपासून 12 महिने असतात. प्रोव्हिजनल दिलं असेल तर कम्प्लीटचे 12 महिनेही त्याच तारखेपासून चालू होतात, म्हणून दोन्ही कामांची तयारी निदान तीन महिने आधी एकत्रच सुरू करा.